उसाचा चरक जागेवरून हलेना, तेव्हा मोटर, पुली आणि गिअर यांचा हिशोब



गुऱ्हाळाचा हंगाम ऐन भरात असतो. काहिलीत रस उकळतो आहे, चुलवाणात जळण चालू आहे, फडातून मोळ्या येऊन पडल्या आहेत, आणि नेमकी वीज जाते. चरक जागच्या जागी थांबतो. रोलांमध्ये ऊस तसाच धरलेला राहतो. अर्ध्या तासाने वीज येते, चरकावरचा गडी स्टार्टरचा हिरवा खटका दाबतो. मोटर नुसती घुमते, फिरत नाही. पुन्हा दाबतो, पुन्हा घुमते. तिसऱ्या खेपेला जळक्या वार्निशचा वास येतो आणि मोटर गुंडाळायला तालुक्याला न्यावी लागते. इकडे रस आंबतो, तोडलेला ऊस वाळतो. नुकसान मोटरीच्या बिलापुरते राहत नाही.

मग म्हणतात, मोटर खराब निघाली. बहुतेक वेळा मोटरीचा दोष नसतो. चालता चरक चालता ठेवायला लागणारी ताकद वेगळी, आणि उभा चरक जागेवरून हलवायला लागणारी ताकद वेगळी. मोटरीवर लिहिलेली हॉर्सपॉवर पहिल्या गोष्टीबद्दल सांगते. दुसरीबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही. ही दुसरी ताकद किती लागते हे आपल्याच चरकावर मोजता येते. त्यासाठी एक दोरी, एक हुकाचा काटा आणि मोजपट्टी एवढेच सामान लागते.

पीळ म्हणजे काय

बैलाचा चरक ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट पटकन कळेल. दांडी लांब असली की बैलाला सोपे जाते, आखूड असली की जड जाते. बैलजोडीची ओढ ८० किलो धरली आणि दांडी साडेतीन मीटर धरली, तर चरकाच्या खांबावर ८० गुणिले साडेतीन, म्हणजे २८० इतका जोर पडतो. या जोराला मेकॅनिक लोक टॉर्क म्हणतात. आपण त्याला पीळ म्हणू आणि तो मीटर-किलोमध्ये मोजू. एक मीटर लांब दांडीच्या टोकाला एक किलोची ओढ लावली की झाला एक मीटर-किलो. (रस्त्याच्या किलोमीटरशी याचा संबंध नाही.) कारखान्यांच्या पुस्तकांत हाच आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. त्याला साधारण १० ने भागले की आपला मीटर-किलो मिळतो.

बैलाची एक खुबी मोटरीत नाही. भरलेली गाडी चाकोरीत रुतली असेल, तर बैल खांदा लावतो आणि पहिल्या हिसड्याला रोजच्या ओढीच्या दुप्पट-तिप्पट जोर काढतो. गाडी हललीच नाही तर तो थांबतो, मान टाकतो. मोटरीला थांबायचे कळत नाही. ती उभ्या जागी करंट ओढत राहते आणि तापत जाते.

मोटरीचा नेहमीचा पीळ काढायची रीत सोपी आहे. हॉर्सपॉवरला ७१६ ने गुणावे आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे. १० हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची मोटर घेतली तर ७१६० भागिले १४४०, म्हणजे सुमारे ५ मीटर-किलो. एवढाच! बैलजोडीचे २८० आणि मोटरीचे ५. मग मोटर चरक फिरवते कशी? तर पुली आणि गिअर मधे आहेत म्हणून.

गिअर काय देतात आणि काय खातात

समजा मोटरीची पुली ६ इंची आणि चरकाची मोठी पुली ३६ इंची आहे. म्हणजे मोटर सहा वेळा फिरेल तेव्हा मोठी पुली एकदा फिरेल. त्या पुलीच्या शाफ्टवर १५ दात्यांचे लहान चक्र आहे आणि ते ६० दात्यांचे मोठे चक्र फिरवते, म्हणजे चौपट. पुढे पुन्हा १५ दाते ७५ दात्यांना फिरवतात, म्हणजे पाचपट. आता ६ गुणिले ४ गुणिले ५, एकूण १२०. रोलाचे फेरे १४४० भागिले १२०, म्हणजे मिनिटाला १२. फेरे जितक्या पटीने कमी झाले, तितक्या पटीने पीळ वाढला. ५ चे ६०० झाले.

पण हे ६०० कागदावरचे. पट्टा थोडे खातो, दात्यांची प्रत्येक जोडी थोडे खाते. पट्ट्यामागे शंभरातले ५ आणि उघड्या, ओतीव दात्यांच्या प्रत्येक जोडीमागे १० धरले, तर रोलापर्यंत सुमारे ४६० पोचतात. हे चालत्या चरकाचे झाले. उभ्या चरकात दात्यांमधले आणि बुशांमधले ग्रीस दाबून बाहेर निघालेले असते, लोखंडाला लोखंड टेकलेले असते. म्हणून पहिला हिसका नेहमी जड जातो. रात्रभर उभ्या राहिलेल्या चरकात, त्यातही थंडीच्या दिवसांत, आणि दात्यांवर रस सांडून चिपाडाचा भुसा चिकटला असेल तर फारच जड.

ही खादाडी नुसत्या तर्काने काढू नये. मोजावी.

दोरी आणि काटा

आधी मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढावे आणि ते चरकाशी काम करणाऱ्याने आपल्या खिशात ठेवावे. खुंटीला अडकवू नयेत. चरकाने किती बोटे आणि किती हात नेले आहेत हे गुऱ्हाळाच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मग पट्टा उतरवावा. मोठ्या पुलीच्या आऱ्याला मजबूत दोरी बांधून ती पुलीच्या काठावर दोन वेढे गुंडाळावी, म्हणजे ओढ सरळ काठाला लागून पडेल. दोरीच्या टोकाला हुकाचा काटा अडकवावा, पोती तोलायला असतो तसा, शंभर किलोच्या पुढचा. चरक ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला हळूहळू ओढावे. हिसका देऊ नये. पुली ज्या क्षणी हलेल त्या क्षणीचा आकडा वाचावा. ओढताना दोरीच्या रेषेत मागे कोणी उभे राहू नये.

तीन वेळा मोजून सगळ्यात मोठा आकडा धरावा. सरासरी काढण्यात अर्थ नाही, कारण मोटरीला सगळ्यात जड वेळीही उठायचे आहे.

आता आकडे घेऊ. हे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुमच्या चरकावर वेगळे येतील. रिकाम्या चरकाला काटा ९ किलो दाखवतो. पुली ३६ इंची, म्हणजे काठ मध्यापासून १८ इंचांवर, म्हणजे ०.४५७ मीटरवर. ९ गुणिले ०.४५७ म्हणजे ४.१ मीटर-किलो. हा मोठ्या पुलीवरचा पीळ. मोटरीवर किती? ६ ने भागा, ०.६९ येतात. पट्ट्याच्या खादाडीसाठी ०.९५ ने पुन्हा भागा. झाले ०.७२. इथे दात्यांची खादाडी वेगळी मिळवायची नाही. ती काट्याने मोजलीच आहे, कारण दाते पुलीच्या पुढे आहेत. एकच तोटा दोनदा धरला की हिशोब उगाच फुगतो आणि माणूस गरजेपेक्षा मोठी मोटर घेऊन बसतो.

पुढच्या वेळी वीज जाऊन ऊस अडकेल, तेव्हा हीच मोजणी पुन्हा करा. समजा दोघातिघांनी ओढल्यावर काटा ८५ किलोला हलला. ८५ गुणिले ०.४५७ म्हणजे ३८.८. भागिले ६, भागिले ०.९५, म्हणजे मोटरीवर ६.८ मीटर-किलो.

तोच चरक आणि तेच गिअर. रिकामा असताना ०.७२ लागतात, ऊस धरलेला असताना ६.८. जवळजवळ साडेनऊपट.

मोटर देते किती

आपल्याकडच्या साध्या तीन फेजच्या मोटरीचा जागेवरून उठतानाचा पीळ नेहमीच्या पिळाच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. नेमका आकडा कारखान्याच्या पत्रकात मिळतो. आपल्या १० च्या मोटरीला ७.५ ते १० धरू. ६.८ लागतात आणि ७.५ मिळतात, म्हणजे चरक उठायला हवा. कागदावर उठतोही. गुऱ्हाळावर उठत नाही, याची कारणे दोन.

पहिले कारण व्होल्टेज. मोटर ४१५ व्होल्टची आहे. व्होल्टेज घसरले की पीळ नुसता त्या प्रमाणात घसरत नाही, वर्गाच्या प्रमाणात घसरतो. मिळालेल्या व्होल्टेजला ४१५ ने भागावे आणि उत्तराला त्यानेच गुणावे. ३८० व्होल्ट असतील तर पीळ शंभरातला ८४ उरतो. ३५० ला ७१ उरतो. ३०० ला ५२, म्हणजे जवळजवळ निम्माच. मग आपले ७.५ ते १० उरतात फक्त ३.९ ते ५.२, आणि मागणी तर ६.८ ची आहे.

यात एक फसगत होते. चरक बंद असताना व्होल्टमीटरवर ३९० दिसतात म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण उठताना मोटर नेहमीच्या सहापट करंट ओढते. डीपी लांब असेल, केबल बारीक असेल, सांधे सैल असतील, तर त्याच घडीला व्होल्टेज ३२० वर येते आणि मोटर फिरू लागली की पुन्हा वर जाते. म्हणून मोजायचे ते मोटरीच्या पेटीजवळ आणि खटका दाबतानाच. हे काम वायरमनकडून करून घ्यावे. माझ्या मते गुऱ्हाळांवर मोठी मोटर घेण्यात जो पैसा जातो, त्यातला बराचसा जाड केबलवर घातला तर जास्त कामी येईल.

दुसरे कारण स्टार्टर. दहाच्या मोटरीला बहुतेक ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. सुरुवातीला तो मोटर स्टारमध्ये जोडतो, त्यामुळे लाइनवरचा करंट एक तृतीयांश होतो. लाइनला हे बरे. पण पीळही एक तृतीयांशच होतो, हे सांगायचे विकणारा विसरतो. पुऱ्या व्होल्टेजला २.५ ते ३.३, आणि ३०० व्होल्टला १.३ ते १.७. रिकाम्या चरकाचे ०.७२ यात बसतात. ऊस धरलेला चरक स्टारमध्ये कधीच उठणार नाही, मग कितीही वेळा खटका दाबा.

आणि प्रत्येक दाबण्याची किंमत आहे. सहापट करंट म्हणजे तारेत होणारी उष्णता छत्तीसपट. ३०० व्होल्टला करंट थोडा कमी, सव्वाचार पटीच्या वर असतो, तरी उष्णता अठरा-एकोणीस पट होतेच. शिवाय मोटर उभी, म्हणजे तिचा पंखाही उभा. वारा नाही. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर तो मोटर वाचवतो. पण रिले सारखा पडतो म्हणून त्याला काडी लावून ठेवण्याची वाईट खोड काही ठिकाणी दिसते. ती काडी मोटर जाळते.

चरकाला दोष देण्यापूर्वी तिन्ही फेज आहेत ना, हेही बघावे. एक फेज गेली असेल तर उभ्या मोटरीला पीळ मुळी मिळतच नाही. रिकामा चरकही हलत नाही, मोटर फक्त घुमते. लक्षण तेच दिसते, रोग वेगळा.

जड पुलीला वेग द्यावा लागतो

जागेवरून हलणे हे अर्धे काम झाले. पुढे साऱ्या चाकांना वेगात आणायचे असते, त्यालाही पीळ लागतो. इथे लोकांचा अंदाज चुकतो तो असा, की सगळ्यात जड दिसणारे शेवटचे दातेरी चक्र आणि रोल हेच मोटरीला जड जात असणार. तसे नाही. संथ फिरणाऱ्या वजनाचा भार मोटरीवर येताना पटीच्या वर्गाने भागला जातो. रोल १२० पट संथ, म्हणून त्यांचे वजन १४४०० ने भागले जाते, म्हणजे नगण्य. मोठी पुली फक्त सहापट संथ, तिचे वजन ३६ नेच भागायचे. खरा भार तिचा.

पुलीच्या काठाचे वजन ९० किलो आणि ते मध्यापासून ०.४२ मीटरवर आहे असे धरू. ९० गुणिले ०.४२ गुणिले ०.४२, म्हणजे १५.९. भागिले ३६, म्हणजे ०.४४. याला मोटरीच्या फेऱ्यांनी गुणा, ६३४ येतात. किती सेकंदांत वेग घ्यायचा आहे ते ठरवा, त्याला ९४ ने गुणा आणि त्याने भागा. ५ सेकंद धरले तर ६३४ भागिले ४७०, म्हणजे १.३५ मीटर-किलो. १० सेकंद दिले तर निम्मे.

म्हणजे रिकामा चरक ५ सेकंदांत वेगात आणायचा तर ०.७२ अधिक १.३५, एकूण २.०७ लागतात. स्टारमध्ये पुरे व्होल्टेज असेल तर जमते. ३०० व्होल्टला १.३ ते १.७ मिळतात, तेव्हा पाच सेकंदांत जमत नाही, पण सात ते बारा सेकंदांत जमते. कमी व्होल्टेजच्या गावात स्टार्टरचा टायमर पाच सेकंदांवर ठेवला, तर चरक अर्ध्या वेगात असतानाच डेल्टा पडतो, हिसका बसतो, फ्यूज उडतो किंवा पट्टा निसटतो. टायमर वाढवून बघावा. कान देऊन ऐकले तर वेग स्थिरावल्याचे आवाजावरून कळते.

जड पुली काढून हलकी घालावी का? घालू नये. उसाची जाड मोळी तोंडात आली की तिचाच साठलेला वेग चरकाला पार नेतो.

ऑइल इंजिनावर चरक चालवणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. इंजिन तर उभ्या जागी काहीच पीळ देत नाही. म्हणून आधी इंजिन मोकळे चालू करतात, त्याचे जड चाक वेगात येऊ देतात आणि मगच पट्टा मोकळ्या पुलीवरून कामाच्या पुलीवर सरकवतात. मोटर आल्यावर ही शिस्त सुटली.

मग ऊस अडकल्यावर करायचे काय

वीज गेली की पहिले काम म्हणजे स्टार्टर बंद स्थितीत आणणे. आपोआप सुरू होण्याची सोय स्टार्टरला बसवलेली असेल, तर ती चरकासाठी काढून टाका. ती विहिरीवरच्या पंपाला ठीक आहे. इथे वीज येईल तेव्हा कोणाचा तरी हात रोलाजवळ असेल.

फ्यूज काढल्यावर पट्टा उतरवा आणि मोठी पुली हाताने उलटी फिरवून बघा. आत दाबला गेलेला ऊस मागे येतो, नवा ऊस दाबावा लागत नाही, म्हणून उलटी ओढ बहुधा हलकी जाते. पाव-अर्धा फेरा पुरे. जास्त फिरवायचा मोह नको. तीन रोलांच्या चरकात मधल्या पट्टीवरचे चिपाड उलट्या दिशेने पाचरीसारखे बसते. अडल्यासारखे वाटले की थांबावे आणि रोल दाबणारे बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे सैल करावेत. एका बाजूचा पूर्ण सैल केला तर रोल तिरपा होऊन दाते एकमेकांत अडकतात. बोल्ट किती आटे सोडले ते मोजून ठेवा, म्हणजे नंतर अंतर पुन्हा तेवढेच बसेल. ऊस पुढच्या तोंडाने हुकाने किंवा कोयत्याच्या टोकाने ओढून काढा. बोटांनी नको.

चरक रिकामा सुरू होऊन पुऱ्या वेगात आला, डेल्टा पडला, की मग एकेक ऊस लावा.

काही जण यावर वेगळाच उपाय करतात. दहाची मोटर काढून पंधराची बसवतात आणि पट्ट्याला राळ चोपडतात, म्हणजे पट्टा घसरायला नको. असे करू नये. अडकलेल्या चरकात पट्टा घसरतो तेच बरे. तो घसरला नाही तर पुढे दाते तुटतात, आणि बिडाचे चक्र हंगामात लगेच ओतून मिळत नाही.

पीळ खरोखर थोडाच कमी पडत असेल, तर मोटरीची पुली ६ ऐवजी ५ इंची घालून बघा. पट १२० ची १४४ होते, मोटरीला लागणारा पीळ सहाव्या हिश्शाने उतरतो. रोलाचे फेरे १२ चे १० होतात, तासाला ऊस थोडा कमी गाळला जातो. लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी होते, तेव्हा ताण बघून घ्यावा.

हल्ली सॉफ्ट स्टार्टर आणि व्हीएफडी मिळतात. दोन्ही एकच असे समजू नका. सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज कमी करूनच मोटर उठवतो, म्हणजे पीळही कमी करतो. हिसका वाचतो, पण अडकलेला चरक त्याने सुटणार नाही. व्हीएफडी मात्र फ्रिक्वेन्सी कमी करते, त्यामुळे थोड्या करंटमध्ये चांगला पीळ मिळतो आणि बटणाने चरक हळू उलटाही फिरवता येतो. किंमत जास्त आहे. भट्टीची धूळ आणि धग यांपासून ती वेगळ्या खोलीत ठेवावी लागते. स्वतःच्या एका गुऱ्हाळाला ती परवडेलच असे नाही. चार जणांच्या सामाईक गुऱ्हाळाला विचार करण्याजोगी आहे.

हंगाम सुरू होण्यापूर्वी, दाते घासून, जुने ग्रीस काढून नवे भरल्यावर, रिकाम्या चरकाची काट्यावरची ओढ एकदा मोजा आणि तो आकडा तारखेसह स्टार्टरच्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा मोजा. ९ चे १३-१४ झाले असतील तर बुश कोरडे पडले आहेत किंवा दात्यांत चिपाड भरले आहे. त्या दिवशी ग्रीसचा डबा आणि ब्रश घेऊन बसावे, चरक दुपारनंतर लावला तरी चालेल.